पाटीवर नसलेलं जेवण

औंढा नागनाथाचं दर्शन उरकून नांदेडच्या वाटेला लागलेली गाडी दुपारी एक-दीडला कुठं तरी थांबतेच. पोरं भुकेली असतात, आजीचं गुडघ्याचं दुखणं डोकं वर काढतं आणि ड्रायव्हरला चहा हवा असतो. वसमत तालुक्यातला हा सगळा पट्टा हळदीचा, उसाचा आणि केळीचा. शेतात मान वर करून पाहावं तिकडं हळदीची रुंद पानं, आणि ढाब्याच्या पाटीवर मात्र पनीर बटर मसाला, काजू करी, शेवभाजी, व्हेज मंच्युरियन. तंदूर रोटी, बटर रोटी, नान. पाटी वरून खाली आणि खालून वर वाचली तरी भाकरी काही सापडत नाही. सापडलीच तर शेवटच्या ओळीत, ‘ऑर्डरप्रमाणे’ असा शेरा घेऊन.

याच वाटेच्या आसपास कुरुंदा आहे. उभ्या महाराष्ट्राला हे गाव माहीत आहे ते बहुधा एका आडनावामुळं. विचारवंत नरहर कुरुंदकरांचं घराणं इथलं. गावाला टोकाई देवीचं ठाणं आहे आणि तिच्या नावाचा साखर कारखानाही. घराघरांत ज्वारीची भाकरी, आंबाडीची भाजी, शेंगदाण्याची चटणी आणि लग्नकार्याला येसर आमटी. पाहुणा घरी आला तर हे सगळं ताटात येतं. तोच पाहुणा रस्त्यावर भुकेला उभा राहिला तर त्याला पनीर मिळतं. मराठवाडा स्वतःचं अन्न घरात शिजवतो आणि दारात दुसऱ्याचं विकतो, ही तक्रार थोडी कडवट वाटेल. पण हिंगोलीपासून धाराशिवपर्यंत कुठल्याही हमरस्त्यावरच्या चार पाट्या वाचल्या की ती खोटी वाटत नाही.

ही गोष्ट जास्त खटकते ती एका वेगळ्याच यादीमुळं. 2023-24 च्या सुमारास मराठवाड्यातल्या बऱ्याच शेतमालांना भौगोलिक मानांकन मिळालं. जालन्याची दगडी ज्वारी, लातूर जिल्ह्यातली बोरसुरी तूरडाळ, तिथलीच पानचिंचोलीची चिंच आणि कास्तीची कोथिंबीर, धाराशिवमधल्या कुंथलगिरीचा खवा आणि आपल्या वसमतची हळद. ही यादी कृषी खात्याच्या फायलीतून काढून चुलीजवळ नेली की अख्खं जेवण तयार होतं. ज्वारीची भाकरी, चिंच घालून केलेलं तुरीचं आंबट वरण, त्यात वसमतची हळद, वरून कोथिंबीर आणि शेवटी खव्याचा पेढा. सरकारने शिक्का मारून दिलेली थाळी! आणि ती पैसे टाकून खायची म्हटलं तर प्रवाशाला या सगळ्या जिल्ह्यांत वणवण करावी लागते.

हळदीचंच पाहा. वसमतला आणि हिंगोलीला हळदीच्या मोठ्या बाजारपेठा आहेत. उन्हाळ्यात मोंढ्यात पोत्यांच्या थप्प्या लागतात, हमालांचे सदरे पिवळे होतात. तिथं बाहेरगावाहून येणाऱ्या खरेदीदाराला जेवायला काय मिळतं? ज्या रश्श्याचा रंग हळदीपेक्षा काश्मिरी मिरचीच्या पुडीवर आणि साईवर जास्त उभा आहे, तो.

हॉटेलवाल्याची बाजू ऐकली पाहिजे आणि ती कच्ची नाही. त्याचं गिऱ्हाईक प्रवासी नसतोच मुळात. ते असतं पंचक्रोशीतलं. कुरुंद्याचा, गिरगावचा, वसमतचा माणूस बायको-पोरांना घेऊन महिन्यातून एकदा हॉटेलात येतो तो भाकरी खायला नाही. भाकरी घरी रोज आहे. त्याला पनीर हवं, वाटीत तरंगणारं लोणी हवं. एखादा पुण्या-मुंबईचा माणूस वर्षातून एकदा येऊन आंबाडीची भाजी मागणार, त्याच्यासाठी रोज भाजी निवडत कोण बसणार?

दुसरी अडचण भाकरीची स्वतःची. तंदूर एकदा पेटला की एक माणूस तासाभरात रोट्यांचा ढीग लावतो. भाकरीला ते जमत नाही. पीठ थोडं थोडं मळायचं, परातीत तळव्याने फिरवत थापायचं, कड फुटू द्यायची नाही, तव्यावर टाकून वरून पाण्याचा हात फिरवायचा, पाणी सुकायच्या आत उलटायची आणि मग विस्तवावर टेकवून फुगवायची. पीठ जुनं असेल तर ती चिरते, पाणी गार असेल तर थापताना तुटते. एवढं करून ताटात पडली की पाच मिनिटांत खावी लागते, नाही तर वातड होते. हे कसब बहुतेक ठिकाणी बाईच्या हातात आहे आणि हमरस्त्यावरच्या ढाब्याचं स्वयंपाकघर पुरुषांचं. मराठवाड्यातल्या ढाब्यावर भाकरी नसण्याचं हे सगळ्यात साधं कारण आहे आणि त्याबद्दल कुणी फारसं बोलत नाही.

तिसरं कारण जुनं आहे. या भागात प्रवास म्हणजे शिदोरी. धपाटे त्यासाठीच जन्मले. ज्वारीच्या पिठात बेसन, थोडी कणीक, तिखट, तीळ, कोथिंबीर घालून ओल्या फडक्यावर थापायचे, मधे बोटाने भोकं पाडायची आणि तेल सोडून भाजायचे. दोन दिवस टिकतात. सोबत दही आणि शेंगदाण्याची चटणी असली की झालं. रस्त्यावर थांबायचं ते चहाला, फार तर गरम भज्यांना. जेवण विकत घेणं ही गोष्टच या रस्त्यांवर उशिरा आली आणि आली ती ढाब्याच्या रूपाने. फाळणीनंतर तंदूर दिल्लीच्या हॉटेलांत रुजला, तिथून ट्रकवाल्यांच्या मागोमाग देशभर पसरला आणि शेवटी आपल्याही वेशीत आला.

गंमत अशी, की खरं पंजाबी जेवण या भागाला परकं नाही. नांदेडला सचखंड हुजूर साहिबच्या लंगरमध्ये कुणीही जाऊन पंगतीत बसावं. 1708 मध्ये गुरू गोविंदसिंगांनी जिथं देह ठेवला त्या जागी आज डाळ, रोटी, भाजी फुकट वाढली जाते. औंढ्याहून नांदेडला पोहोचलेल्या कित्येक कुटुंबांच्या प्रवासातलं लक्षात राहिलेलं जेवण तेच असतं, वाटेतली काजू करी नव्हे. लंगरच्या डाळीला एक ठिकाण आहे, इतिहास आहे, वाढणारा हात आहे. ढाब्यावरच्या लाल रश्श्याला यातलं काहीच नाही. तो हिंगोलीत जसा लागतो तसाच तमिळनाडूतल्या होसूरलाही लागेल.

तरी हॉटेलवाल्याची बाजू पुरती पटत नाही, कारण शेजारच्यांनी ती खोटी पाडली आहे. कोल्हापूरचा माणूस तांबडा-पांढरा घरीही खातो आणि हॉटेलातही रांग लावून खातो. नागपुरात कोष्टी समाजाच्या घरातला सावजी रस्सा भोजनालयांत आला आणि शहराची ओळख होऊन बसला. खानदेशात शेवभाजी आणि वांग्याचं भरीत हमरस्त्यावर मिळतं, मालवणात सोलकढी मागावी लागत नाही. सोलापूरने तर भाकरीच्या वेळेचं गणितच सोडवलं. पातळ, कडक भाकरी, महिनाभर टिकणारी, बायकांनी घरोघरी करून बाजारात आणलेली आणि शेंगाचटणीसोबत परगावी जाणारी. शेगावच्या स्टेशनवर फाळणीनंतर पंजाबातून आलेल्या शर्मा कुटुंबाने कचोरी विकायला सुरुवात केली आणि आज गाडी शेगावला थांबली की खिडकीतून हात बाहेर येतात. पदार्थ बाहेरचा असो की घरचा, तो एका जागी, रोज, तसाच मिळत राहिला की लोक त्याच्यासाठी वाट वाकडी करतात.

मराठवाड्यातही अपवाद आहेत. छत्रपती संभाजीनगरचा नानखलिया तुघलकाच्या फौजेबरोबर आला असं सांगतात. शहराच्या जुन्या भागात तो अजून देगेतून वाढला जातो. निलंग्याचा राइस निलंग्याबाहेरही त्याच नावाने विकला जातो. हिवाळ्यात हुरडा तर शहरातली माणसं गाड्या काढून खायला येतात आणि त्यासाठी बरे पैसे मोजतात.

आणि सुशीला. नांदेड, परभणी, हिंगोलीच्या सकाळी तिच्याशिवाय उजाडत नाहीत. मुरमुरे पाण्यात भिजवून लगेच पिळून घेतलेले, मोहरी, कढीपत्ता, हिरवी मिरची आणि शेंगदाण्याची फोडणी, त्यात हळद सढळ हाताने, वरून डाळव्याचं कूट. हे कूट महत्त्वाचं. तेच मुरमुऱ्यांचं पाणी शोषून घेतं आणि दाणा न् दाणा सुटा ठेवतं. चांगली सुशीला ओलसर असते, गिचगिचीत नसते, आणि हा फरक कढईतून उतरल्यावर पहिल्या पाऊण तासातच कळतो. सकाळी आठला खाल्लेली सुशीला आणि अकराला खाल्लेली सुशीला यांचं फक्त नाव एक असतं.

प्रवासात चांगलं जेवण शोधण्याचं खरं मर्म या वेळेत आहे. फोनवरच्या ताऱ्यांना वेळ कळत नाही. त्यांना हॉटेलचा नंबर कळतो, दिवे कळतात, पार्किंग कळतं. तारे देण्याची ही कल्पना तशी जुनी. टायर विकणाऱ्या मिशेलिन बंधूंनी 1900 मध्ये फ्रान्समध्ये मोटारवाल्यांसाठी पुस्तिका काढली, लोकांनी जास्त फिरावं आणि टायर झिजवावेत म्हणून. तारे आले 1926 मध्ये. अमेरिकेत डंकन हाइन्स नावाचा छपाईच्या धंद्यातला फिरता विक्रेता गावोगावी जेवत हिंडायचा. 1935 च्या नाताळात त्याने शुभेच्छापत्रासोबत मित्रांना आवडीच्या खाणावळींची यादी पाठवली आणि पुढच्याच वर्षी तिचं पुस्तक झालं. त्याचं बळ एवढंच होतं, की तो त्या रस्त्यांवरून पुन्हा पुन्हा जायचा.

आपल्याकडं तसे फिरते विक्रेते आजही आहेत. खत-बियाण्यांच्या कंपन्यांची पोरं, औषधांचे प्रतिनिधी, एसटीचे चालक-वाहक, मोंढ्यातले अडते. वसमतला कुठं खावं हे त्यांना विचारावं. तेही ‘चांगलं हॉटेल कुठलं’ असं नव्हे, कारण त्यावर सगळे पाहुण्याला शोभेल असं वातानुकूलित नाव सांगतात. ‘तुम्ही दुपारी कुठं जेवता’ असं विचारलं की उत्तर बदलतं. मोंढ्यामागची खाणावळ निघते, जिथं पाटीच नसते आणि दीडनंतर गेलं तर भाजी संपलेली असते. भाजी संपणं हे तिथलं प्रमाणपत्र. श्रावणात औंढ्याच्या आसपास साबुदाण्याची खिचडी आणि भगर खावी, कारण उपवासकऱ्यांच्या गर्दीत कढई थंड व्हायला वेळच मिळत नाही. त्याच दिवशी तिथं मंच्युरियन मागणाऱ्याने मग चवीबद्दल तक्रार करू नये.

सरकारनेही भाकरी विकून पाहिली आहे. 1995 मध्ये शिवसेना-भाजप युतीचं सरकार आलं आणि 1 रुपयात झुणका-भाकर मिळू लागली. रुपयात चांगली भाकरी थापून मिळणं शक्य नव्हतं, योजना आटोपली आणि पुष्कळ केंद्रांचे पुढं वडापाव-चायनीजचे ठेले झाले. 2020 मध्ये 10 रुपयांची शिवभोजन थाळी आली, तिच्यात चपात्या होत्या. भुकेल्याला स्वस्तात जेवू घालणं वेगळं आणि भाकरी ही फक्त स्वस्त, गरिबाची म्हणून पाटीवर येणं वेगळं. दुसऱ्या गोष्टीने भाकरीचं नुकसानच केलं. बटर नानला जो भाव मोजताना कुणी हू की चू करत नाही, तोच भाव भाकरीला लावला तर गिऱ्हाईक ‘एका भाकरीचे एवढे?’ म्हणून भांडतं. थापणाऱ्या बाईच्या मजुरीचा हिशेब त्या भांडणात कुणीच धरत नाही.

खरं तर येसर आमटी ही हॉटेलासाठीच बनलेली गोष्ट आहे. धान्यं, डाळी आणि मसाला भाजून दळलेलं येसर डब्यात महिनोन्‌महिने राहतं. आमटी मोठ्या पातेल्यातच चांगली होते, लग्नाच्या पंगतीला शेकडो पानं तिच्यावर उठतात, आणि उकळत राहिली तर बिघडण्याऐवजी मुरते. ज्या ढाब्याला दर अर्ध्या तासाने कांदा-टोमॅटोचं वाटण परतावं लागतं त्याला ही सोय दिसू नये, हे नवल. भाकरीचा प्रश्न उरतो, तर त्यासाठी दिवसभर बाई बसवायची गरज नाही. दुपारी बारा ते अडीच, एवढीच वेळ पाटीवर लिहावी. गावोगावी बचत गट आहेत, पापड-शेवयांच्या पुढं त्यांच्या मालाला गिऱ्हाईक मिळत नाही. औंढ्याला येणाऱ्या गर्दीतल्या शंभरातल्या दहा जणांनी भाकरी मागितली तरी दोन चुली पेटत्या राहतील.

तोवर ज्याला खायचं आहे त्याने आधी सांगून ठेवावं. वसमत-औंढा भागातल्या पुष्कळ घरगुती खाणावळी सकाळी कळवलं तर दुपारी हवं ते करून देतात. पाटीवरच्या ‘ऑर्डरप्रमाणे’चा अर्थ तोच. निघतानाच फोन करावा, माणसं किती ते सांगावं, भाकरी किती लागतील तेही सांगावं. आंबाडी मिळाली तर आंबाडी, नाही तर मेथी, पण आमटी येसराचीच करा, असं ठासून म्हणावं. आणि दीडची वेळ दिली असेल तर दीडलाच पोहोचावं.