सारखे डोळे चोळणारं मूल

शिक्षक मित्रांनो, पालकहो, आपल्या जोहे-हमरापूर पट्ट्यात कितीतरी घरांना लागूनच गणपतीचे कारखाने आहेत. मूर्ती घासताना पीओपीची पांढरी धूळ उडते आणि मुलं तिथंच वावरतात. मग वर्गात एखादं मूल सारखे डोळे चोळतं, आणि आपण म्हणतो, झोप झाली नसेल. मला हे पटत नाही.

केराटोकोनस या आजारात बुबुळावरचा पारदर्शक पडदा पातळ होऊन शंकूसारखा पुढे येतो. बहुधा किशोरवयात सुरू होतो, तिशी-चाळिशीपर्यंत वाढू शकतो. धुळीनेच तो होतो असं नाही. पण ॲलर्जीची खाज आणि जोरजोरात चोळणं यांनी धोका वाढतो. आनुवंशिकताही आहेच. तरी "आमच्या घरात कुणाला नाही" म्हणून निर्धास्त राहू नका, बहुतेक रुग्णांच्या घरात आधी कुणालाच नसतो. एकाला निघाला तर मात्र भावंडांचेही डोळे तपासून घ्या.

चष्म्याचा, त्यातही सिलिंडरचा नंबर सारखा बदलतोय? मग नुसती काच बदलू नका, नेत्रतज्ज्ञांकडे कॉर्नियाची टोपोग्राफी करून घ्या. क्रॉस-लिंकिंगने आजाराची वाढ बहुतेकदा थांबते; बिघडलेला आकार काही पूर्ववत होत नाही. आणि खाजेसाठी दुकानातून परस्पर थेंब आणू नका, काहींत स्टिरॉइड असतं.