धातूची कुंडली

गेल्या पावसाळ्यात देवळी तालुक्यातला एक मुलगा माझ्या घरी आला. वय वीस-बावीस, आयटीआयमधून वेल्डिंग शिकलेला. खांद्यावर पोते, पोत्यात दोन नळ्या, पत्र्याचा एक तुकडा आणि मूठभर बोल्ट. व्हरांड्यात सगळे मांडून म्हणाला, ‘‘सर, हे पाहून द्या ना. विमानाला चालते का?’’

तंत्रनिकेतनात धातुकाम शिकवण्यात माझे आयुष्य गेले. पण हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. मला हसू आले नाही. फुलसावंगी आठवले.

फुलसावंगी हे शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यातले, महागाव तालुक्यातले गाव. तिथल्या चोवीस वर्षांच्या तरुणाने, आठवीत शाळा सुटलेल्या, पत्र्याची कपाटे बनवणाऱ्या कारागिराने, पोलादी नळ्या आणि मारुती ८०० चे इंजिन घेऊन हेलिकॉप्टर उभे केले. १५ ऑगस्टला ते लोकांना दाखवायचे होते. १० ऑगस्ट २०२१ च्या रात्री चाचणी घेताना मागच्या पंख्याचे पाते तुटले, वरच्या मोठ्या पंख्यावर आदळले आणि तो पंखा त्याच्या डोक्यात बसला. आपण चार दिवस हळहळलो. ‘गावचा रँचो’ म्हणून मथळे सजले. पण ते पाते कोणत्या धातूचे होते आणि त्याला तो धातू तपासून कोण देणार होते, हे कोणी विचारले नाही.

हा प्रश्न साधा नाही. लोखंड म्हणजे लोखंड आणि ॲल्युमिनियम म्हणजे ॲल्युमिनियम, एवढेच आपल्या भंगारबाजारात चालते. ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ एक तृतीयांश वजनाचे, म्हणून विमानाला ते बरे, इथपर्यंत शाळकरी पोरही सांगेल. पण विमानाचे ॲल्युमिनियम पातेल्याचे नसते. विमानाच्या पत्र्याला ‘२०२४’ नावाचा मिश्रधातू वापरतात. हे वर्ष नव्हे, धातूचा क्रमांक आहे. त्यात सुमारे साडेचार टक्के तांबे असते. तो मजबूत खरा, पण वेल्डिंग त्याला मानवत नाही; रिव्हेटच मारावे लागतात. ‘६०६१’ वेल्ड होतो, गंजतही कमी; मात्र वेल्डच्या आजूबाजूला त्याची बरीचशी ताकद उतरते. जस्ताचा ‘७०७५’ सगळ्यांत ताकदवान, पण नवशिक्याने वाकवायला जावे तर तडकतो. सर्वांत मजबूत तोच सर्वांत चांगला, हा हिशेब आकाशात चालत नाही.

पोलादाचेही तसेच. घराच्या जिन्याला लागते ते मऊ पोलाद. लहान विमानाच्या सांगाड्याला ‘४१३०’ लागते. त्यात क्रोमियम साधारण एक टक्का आणि मॉलिब्डेनम चिमूटभर. एवढ्यावर ताण सोसण्याची ताकद दीडपटीहून जास्त होते. म्हणून नळी पातळ घेता येते, वजन वाचते आणि वेल्डिंगही नीट होते.

त्यात थकवा वेगळाच. तार पुन्हा पुन्हा वाकवली की तुटते, हे आपण जाणतो. पोलादावरचा ताण एका मर्यादेच्या आत राहिला तर ते वर्षानुवर्षे टिकते. ॲल्युमिनियमला अशी सुरक्षित मर्यादा नसते. लहानसा ताणही हजारो-लाखो वेळा पडला की शेवटी चीर पडते. जुन्या पातेल्याचा कान रिव्हेटच्या भोकापाशीच फाटतो, तो उगाच नाही. १९५४ मध्ये ब्रिटनची दोन कॉमेट जेट विमाने अशाच थकव्याने हवेत फुटली. ती मोठ्या कारखान्यात, शिकल्यासवरल्या माणसांनी बनवलेली होती.

आणि यातले काहीच डोळ्यांना दिसत नाही. दोन नळ्या शेजारी ठेवल्या तर सारख्याच दिसतात. फरक असतो तो कारखान्याच्या दाखल्यात आणि नळीवरच्या हीट नंबरात. तीच धातूची कुंडली. ‘‘दुकानदार म्हणे, विमानाचाच पाइप आहे,’’ मुलगा म्हणाला. दाखला? तो नव्हता.

हे जमत नाही असे नाही. वैमानिक अमोल यादव यांनी मुंबईत इमारतीच्या गच्चीवर विमान बांधले. २०१६ च्या ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात ते लोकांनी पाहिले, २०१७ मध्ये त्याची नोंदणी झाली आणि २०२० मध्ये धुळ्याच्या धावपट्टीवर चाचणी झाली. पण ते व्यवसायाने वैमानिक, आणि तरीही त्यांची जवळजवळ दोन दशके गेली. देवळीच्या पोराने कुणाकडे जावे?

नागपूर वर्ध्याहून दीड तासावर. तिथे वाडीला १९८९ पासून ॲल्युमिनियमच्या संशोधनाची राष्ट्रीय संस्था आहे. मिहानमध्ये विमाने दुरुस्त होतात, टाटांच्या कारखान्यात बोइंगच्या विमानाचे भाग बनतात. सारे ज्ञान हाताशी आहे. पोते घेतलेल्या पोराला मात्र त्याचे दार सापडत नाही. १ जानेवारी २०२५ पासून लागू झालेल्या भारतीय वायुयान अधिनियमाच्या कक्षेत विमानाचे डिझाइनही आले. नियम हवेतच. पण कायदा ‘उडू नको’ म्हणेल. ‘हा बोल्ट वापरू नको’ हे त्याआधी सांगणारा माणूस लागतो. अमेरिकेत हौशी विमानकारांची संघटना १९५३ पासून आहे. तिचे जाणकार सभासद इतरांच्या घरी जाऊन अर्धवट सांगाडे तपासून देतात.

आपला शेतकरी पिशवीत माती घेऊन जातो आणि मृद आरोग्य पत्रिका घेऊन परततो. मातीची कुंडली काढून देणारी व्यवस्था आपण उभारली. मग धातूची का नाही? महिन्यातून एक दिवस, एखाद्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत, माफक शुल्कात नळी-पत्रा तपासून मिळाला तर काय बिघडेल? त्याचा उपयोग विमानालाच नाही. ट्रॅक्टरची ट्रॉली, आकाशपाळणा, शाळेचा झोका, सगळ्यांना होईल.

त्या दिवशी मी मुलाला एकच गोष्ट दाखवली. बोल्टच्या माथ्यावर ८.८ असा आकडा असला तर त्याची ताकद कळते. माथा कोरा असला तर काहीच कळत नाही. आणि तो आकडा असला तरी विमानाचे बोल्ट वेगळेच असतात. सांगाडा बनव, शिक, पण जमिनीवरच ठेव, असेही बजावले. तो न बोलता गेला.

आठवड्याने पुन्हा आला. पोते रिकामे होते. ‘‘सर, एकाच्याही माथ्यावर आकडा नव्हता,’’ तो म्हणाला. ‘‘सारे वापस करून आलो.’’