नवा संगणक येणार, म्हणून थांबावे काय?



गेल्या रविवारी विहारात वंदना झाल्यावर वस्तीतील एक ताई आमच्यापाशी थांबल्या. त्यांची मुलगी ग्राफिक डिझाइन शिकते. तिच्यासाठी ॲपल कंपनीचा आयमॅक हा टेबलावरचा संगणक घ्यायचा म्हणून भिशीचे पैसे घरात ठेवले आहेत. पण मुलीचा मामा म्हणतो, "थोडे थांबा, नवा येणार आहे." या थांबण्यात चार महिने गेले. मुलगी रोज मैत्रिणीच्या घरी जाऊन काम करते. ताईंनी विचारले, "दादा, थांबू की घेऊ?"

प्रश्न अनेक घरांचा आहे, म्हणून आज त्याविषयीच लिहितो.

नव्या संगणकाचा अंदाज जाणकार तीन गोष्टींवरून बांधतात. मागचा केव्हा आला, त्याची नवी चिप दुसऱ्या यंत्रात आली काय आणि कंपनी बहुधा कोणत्या महिन्यात घोषणा करते. उदाहरणार्थ, एम-४ ही चिप मे २०२४ मध्ये प्रथम आयपॅडमध्ये आली आणि त्याच वर्षी २८ ऑक्टोबरला ती असलेला आयमॅक जाहीर झाला. त्याआधीचा एम-३चा आयमॅकही ३० ऑक्टोबर २०२३ रोजीच जाहीर झाला होता. मग लोक म्हणू लागले, ऑक्टोबर आला की आयमॅक आलाच!

पण अंदाज म्हणजे वचन नव्हे. एम-१चा आयमॅक एप्रिल २०२१ मध्ये जाहीर झाला. जून २०२२ मध्ये एम-२ चिप आली, तेव्हा पुष्कळांनी एम-२च्या आयमॅकची वाट पाहिली. तो कधी आलाच नाही. कंपनीने ती पायरीच गाळली आणि वाट पाहणाऱ्यांचे वर्षाहून अधिक गेले. पुढे ऑक्टोबर २०२५ मध्ये एम-५ चिप आली, ती मॅकबुक प्रो आणि आयपॅड प्रोमध्ये. आयमॅकचा नंबर त्या महिन्यात लागला नाही.

थांबण्यात कधीच फायदा नाही, असे मात्र आम्ही म्हणणार नाही. एम-३च्या सर्वांत स्वस्त आयमॅकमध्ये ८ जीबी मेमरी होती. एम-४मध्ये ती १६ जीबी झाली. ज्याने सप्टेंबर २०२४ मध्ये घेतला, त्याला हळहळ वाटली असणार. या यंत्रात मेमरी नंतर वाढवता येत नाही, म्हणून ती घेतानाच पुरेशी घ्यावी. साध्या, जोडणी केलेल्या डेस्कटॉपमध्ये ती बहुधा नंतरही घालता येते.

तेव्हा हिशेब असा करावा. काम आजच अडले असेल तर आजच घ्यावे. काम अडलेले नसेल आणि मागचा संगणक येऊन वर्ष उलटले असेल तर महिना-दोन महिने थांबावे; नवा आला की दुकानदार जुना माल बहुधा कमी भावात काढतात. पण थांबण्याची तारीख आधी ठरवावी आणि ती उलटली की घेऊन मोकळे व्हावे. घेण्यापूर्वी मुलीच्या शिक्षकांना जरूर विचारावे की, हाच संगणक लागतो काय, की कमी किमतीच्या डेस्कटॉपवर भागते? शेजाऱ्याकडे आहे म्हणून, किंवा व्याजाने पैसे काढून, लाखाच्या वर खर्च करू नये.

बांधवांनो, १९५६ साली नागपूरला धम्मदीक्षा घेतली तेव्हा आपण ज्योतिष-पंचांग मागे टाकले. आता संगणकाच्या भविष्यवाल्यांपुढे हात पसरून बसावे काय? कुणी सांगितले म्हणून मानू नका, स्वतः तपासून पाहा, हाच उपदेश तथागतांनी कालामांना केला. सर्व काही बदलणारे आहे, हेही त्यांनीच सांगितले. आज घेतलेला संगणक उद्या जुना होणारच. वाट पाहून घेतलेलाही जुना होणार. मुलीचे शिकण्याचे वर्ष मात्र परत येत नाही.

ताईंना आम्ही एवढेच सांगितले, "मुलीचे काम अडले आहे ना? मग शिक्षकांना विचारा आणि या आठवड्यातच घ्या."

जयभीम!