धाडहून स्पर्धा आयोगाला

मा. अध्यक्ष, भारतीय स्पर्धा आयोग
मा. सचिव, कॉर्पोरेट व्यवहार मंत्रालय
नवी दिल्ली



बुलढाणा तालुक्यातल्या आमच्या धाडची पोरं गेम खेळतात ती अँड्रॉइड फोनवर. बहुतेकांच्या लेखी गेमचं दुकान एकच, फोनसोबत आलेलं गूगलचं प्ले स्टोअर. गेम बनवणाऱ्याच्या कमाईतून त्याने वर्षानुवर्षं ३० टक्क्यांपर्यंत कमिशन घेतलं.

दुसरं दुकान आलं की काय होतं, ते कॉम्प्युटरवर दिसलं. तिथलं स्टीम हे गेमचं दुकान ३० टक्के घेत असताना एपिक कंपनीने डिसेंबर २०१८ मध्ये १२ टक्क्यांवर दुकान मांडलं. छोट्या स्टुडिओसाठी मधल्या १८ टक्क्यांत एखाद्याचा पगार निघतो. खेळणाऱ्यांना फुकट गेमही मिळू लागले. पण 'मेट्रो एक्झोडस' हा गेम २०१९ मध्ये वर्षभर एपिकने आपल्याकडेच अडवून धरला, आणि स्टीमवर त्याची वाट पाहणारे चिडले. त्यांचं चुकलं नव्हतं. गेम अडवून ठेवण्याची स्पर्धा गिऱ्हाइकाच्या काय कामाची?

आपल्या गेमच्या बाबतीतही असंच झालं. पुण्याच्या नॉडिंग हेड्स स्टुडिओचा 'राजी' हा गेम ऑगस्ट २०२० मध्ये आधी निंटेंडो स्विचवर आला. ते यंत्र भारतात अधिकृतपणे विकलंही जात नव्हतं. खुद्द पुणेकरांना तो कॉम्प्युटरवर ऑक्टोबरात मिळाला. स्टुडिओला मी बोल लावत नाही. लोकवर्गणीची त्यांची मोहीम आधीच फसली होती. अशांनी मोठ्या कंपनीशी घासाघीस कशाच्या बळावर करायची?

फोनवरच्या दुकानांबाबत आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये गूगलला १,३३७.७६ कोटींचा दंड केला, त्याच आदेशात प्ले स्टोअरमधून इतर स्टोअरही मिळू द्या, असं बजावलं होतं. मार्च २०२३ मध्ये अपील न्यायाधिकरणाने दंड कायम ठेवला, पण नेमकं हे कलम काढलं. पुढे फेब्रुवारी २०२४ मध्ये इंडस ॲपस्टोअर मराठीसह बारा भारतीय भाषांत आलं. पण ज्याच्या फोनमध्ये ते आधीपासून नाही, त्याने ते बाहेरून उतरवायचं, सेटिंग बदलायची, धोक्याच्या सूचना वाचायच्या. तिथेच माणूस मागे फिरतो.

गूगलचं हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आहे. तिथे आयोगाने काढलेल्या त्या कलमासाठी, म्हणजे प्ले स्टोअरमधून इतर स्टोअर मिळण्यासाठी, जोर लावावा. मंत्रालयाने मार्च २०२४ मध्ये डिजिटल स्पर्धा विधेयकाचा मसुदा लोकांपुढे ठेवला होता. तो संसदेत आणावा, आणि एका दुकानात विकत घेतलेला गेम दुसऱ्या दुकानातून पुन्हा पैसे न भरता उतरवता येईल, अशी तरतूद त्यात घालावी. नाहीतर नवं दुकान कितीही चांगलं असलं, तरी जुन्या खरेदीपायी आमची पोरं तिकडे फिरकणार नाहीत.

आपला विश्वासू,
एक पालक, धाड