शाळा गावाची, चावी कोणाकडे?



रिद्धपूरचं नाव घेतलं की मराठी शिकवणाऱ्याची मान जरा ताठ होते. म्हाइंभटांचं 'लीळाचरित्र' याच मातीतलं. २०२४ मध्ये मराठी भाषा विद्यापीठाचं काम इथेच सुरू झालं आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. आनंदाचीच गोष्ट आहे. पण विद्यापीठात जाणारं लेकरू आधी पहिलीत बसतं. मोर्शी, वरूड, चांदूर बाजारच्या खेड्यापाड्यांत ही पहिली बहुतेक ठिकाणी जिल्हा परिषदेच्या शाळेतच भरते. ती शाळा चालवतं कोण, तिला पैसा कुठून येतो आणि मुलं खरंच शिकतात का, यावर आज लिहिते आहे.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. शाळेचे जे निर्णय गावात घेता येतात ते गावातच, शाळा व्यवस्थापन समितीत झाले पाहिजेत. आणि त्याचा हिशेब पालकांनी मागितला पाहिजे. वरून कोणीतरी लक्ष देईल म्हणून थांबण्याचे दिवस राहिले नाहीत.

कारभाराची शिडी

महाराष्ट्र जिल्हा परिषद व पंचायत समिती अधिनियम १९६१ चा. १ मे १९६२ पासून राज्यात जिल्हा परिषदा सुरू झाल्या. ज्या समितीच्या शिफारशींवरून हे घडलं तिचे अध्यक्ष आपल्या वऱ्हाडातले, पुसदचे वसंतराव नाईक. त्यांच्याही आधी डॉ. पंजाबराव देशमुख अमरावतीच्या जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष होते आणि १९३० मध्ये मध्यप्रांत-वऱ्हाडचे शिक्षणमंत्री झाले. प्राथमिक शाळा ही लोकांनी निवडलेल्या माणसांच्या हातात असावी, हा विचार आपल्याकडे जुना आहे.

आज शाळेपासून वर चढत गेलं तर मुख्याध्यापक, केंद्रप्रमुख, विस्तार अधिकारी, गटशिक्षणाधिकारी, शिक्षणाधिकारी आणि मुख्य कार्यकारी अधिकारी अशा पायऱ्या लागतात. ही झाली अधिकाऱ्यांची बाजू. दुसरी बाजू लोकांची. निवडून आलेले सदस्य, त्यांची शिक्षण समिती, सर्वसाधारण सभा. आपल्या सर्कलच्या शाळेला छत नाही म्हणून सभेत उठून बोलायचं ते सदस्यांनी.

मार्च २०२२ मध्ये अमरावती जिल्हा परिषदेच्या सदस्यांची मुदत संपली. ओबीसी आरक्षणाच्या प्रश्नावर निवडणुका अडल्या आणि कारभार प्रशासकाकडे गेला. त्यानंतर तीन पूर्ण शैक्षणिक वर्षं सभागृहाविना गेली. २०२२ च्या जूनमध्ये पहिलीत आलेलं मूल तिसरी पास झालं, पण त्याच्या शाळेबद्दल प्रश्न विचारणारा जिल्हा परिषद सदस्य त्याने पाहिलाच नाही. अधिकारी वाईट असतात असं मला म्हणायचं नाही. मेहनती अधिकारी आपण सगळ्यांनीच पाहिलेत. पण अधिकाऱ्याची बदली होते, गाव जागेवरच राहतं.

शिवाय हा जिल्हा चौदा तालुक्यांचा. एकीकडे संत्र्याच्या बागांचा मोर्शी-वरूडचा पट्टा, दुसरीकडे घरी कोरकू बोलणाऱ्या लेकरांचं मेळघाट. एकच आदेश, एकच तारीख, एकच नमुना दोन्हीकडे सारखा कसा बसेल?

पैसा कुठून येतो?

पालकांचा समज असतो की सरकार शाळेवर भरपूर पैसा ओतते. ते एका अर्थी खरंही आहे. शिक्षकांचा पगार राज्य शासन जिल्हा परिषदेमार्फत देतं आणि शाळेवरच्या खर्चाचा सगळ्यात मोठा वाटा तोच असतो. वर्गखोल्यांचं बांधकाम-दुरुस्ती बरीचशी जिल्हा नियोजन समितीच्या निधीतून होते, तिचे अध्यक्ष पालकमंत्री. पुस्तकं, गणवेश, शाळा अनुदान हे समग्र शिक्षा योजनेतून येतं. त्यात केंद्राचे ६० टक्के आणि राज्याचे ४० टक्के.

आता शाळेच्या हातात प्रत्यक्ष काय पडतं ते पाहा. समग्र शिक्षेच्या निकषानुसार पट ३० पर्यंत असेल तर वर्षाला १० हजार रुपये संयुक्त शाळा अनुदान. पट ३१ ते १०० असेल तर २५ हजार. त्यातले किमान दहा टक्के स्वच्छतेवर खर्च करायचे. म्हणजे २८ मुलांच्या शाळेला महिन्याकाठी ८३३ रुपये पडतात. त्यातच खडू, रजिस्टर, झाडू-फिनाइल, नळाची तोटी, बल्ब. आणि तीन मुलं वाढली की रक्कम एकदम अडीचपट! पटावरचं एकेक नाव किती मोलाचं असतं हे यावरून कळावं.

पोषण आहाराचंही तसंच. मे २०२५ पासून प्राथमिकच्या एका मुलामागे दिवसाला ६ रुपये ७८ पैसे. तांदूळ वेगळा मिळतो, पण डाळ, तेल, मीठ-मसाला, भाजी, इंधन हे सगळं यात. २८ मुलांच्या जेवणाला दिवसाचे १९० रुपयेही होत नाहीत. सकाळी बाजारातून भाजी आणणाऱ्या घरच्या बाईला विचारा, ती हिशेब करून सांगेल.

गणवेशाची गोष्ट

गावाच्या हातात निर्णय द्यावा असं मी का म्हणते, त्याचं ताजं उदाहरण गणवेशाचं आहे.

आधी गणवेशाचे पैसे, दोन गणवेशांना मुलामागे ६०० रुपये, शाळा व्यवस्थापन समितीकडे यायचे. समिती गावातल्या किंवा तालुक्याच्या दुकानातून कापड घ्यायची, गावच्या शिंप्याकडून शिवून घ्यायची. बाही लांब झाली तर शिंपी चार घरं सोडून राहतो, दुसऱ्या दिवशी दुरुस्त.

२०२४-२५ मध्ये 'एक राज्य, एक गणवेश' आलं. कापडाची खरेदी राज्य पातळीवर आणि शिलाई महिला बचत गटांमार्फत. हेतू चांगला असेल. बचत गटाच्या बायांना काम मिळावं हे कोणालाही पटेल. पण इतक्या लेकरांची मापं, कापड आणि शिलाई एका दोरीत ओवायला गेलं की दोरी ताणतेच. राज्यात कितीतरी शाळांतल्या मुलांनी त्या वर्षी १५ ऑगस्टचं झेंडावंदन जुन्याच कपड्यांत केलं. मिळालेले गणवेश कुठे आखूड, कुठे ढगळ. शेवटी डिसेंबर २०२४ मध्ये शासनानेच निर्णय बदलला आणि २०२५-२६ पासून गणवेशाचा अधिकार परत समितीकडे दिला.

चूक लक्षात आल्यावर शासनाने ती सुधारली, हे मान्य केलंच पाहिजे. पण जे काम गावचा शिंपी आणि समिती मिळून आठवडाभरात करू शकतात, त्याचा निर्णय मुंबईत व्हायची गरज नव्हती, हेही त्यातून सिद्ध झालं.

मुलं शिकतात का?

हा प्रश्न टाळून चालणार नाही. 'असर' २०२४ च्या ग्रामीण भारताच्या पाहणीत सरकारी शाळांतल्या तिसरीच्या २३.४ टक्के मुलांना दुसरीचा मजकूर वाचता आला. २०२२ मध्ये हे प्रमाण १६.३ टक्के होतं. पाचवीत ते ३८.५ वरून ४४.८ वर गेलं. करोनात बसलेल्या माराने खचलेल्या शाळा उभ्या राहिल्या, याचं श्रेय शिक्षकांना द्यायलाच हवं. पण उलटं वाचा. तिसरीच्या चार मुलांपैकी तिघांना दुसरीचा धडा वाचता येत नाही. निपुण भारतचं उद्दिष्ट २०२६-२७ पर्यंत तिसरीच्या प्रत्येक मुलाला वाचता-मोजता यावं हे आहे. वेळ थोडा उरला आहे.

त्याच पाहणीत सहा ते चौदा वयोगटातली सरकारी शाळेत जाणारी मुलं ७२.९ टक्क्यांवरून ६६.८ वर आली, म्हणजे जवळपास करोनाआधी होती तिथे. आपल्याकडे त्याची खूण म्हणजे सकाळी गावात येणारी व्हॅन. "मॅडम, आमच्या पोट्ट्याले इंग्रजी आलं पाह्यजे न!" असं कास्तकार बाप म्हणतो तेव्हा त्याचं काय चुकतं? लेकराचं भलं व्हावं एवढंच त्याला पाहिजे. त्याला आपल्या शाळेत काय शिकवलं जातं हे आपण कधी नीट दाखवलं नाही, तर तो व्हॅनच्या रंगावरून शाळा निवडणार.

कमी पटाचं संकट

सप्टेंबर २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांऐवजी 'समूह शाळा' करण्याचे प्रस्ताव मागवले गेले. तेव्हा राज्यात अशा १४,७८३ शाळा होत्या, त्यांत १ लाख ८५ हजारांवर मुलं. मार्च २०२४ च्या शासन निर्णयाने संच मान्यतेचे निकषही बदलले आणि छोट्या शाळांतल्या शिक्षकांच्या पदांवर टांगती तलवार आली.

समूह शाळेच्या बाजूनेही बोलण्यासारखं आहे. बारा मुलांत कबड्डीचे दोन संघ होत नाहीत. दोन शिक्षक पाच वर्ग सांभाळतात, त्यातला एक मीटिंगला गेला की दुसऱ्याची तारांबळ. मोठ्या शाळेत ग्रंथालय, प्रयोगशाळा, मैदान मिळू शकतं. पण शिक्षण हक्क कायद्याच्या नियमांत पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत असावी असं म्हटलंय, त्यामागे कारण आहे. सहा वर्षांची पोरगी पावसाळ्यात नाला ओलांडून रोज जाईल का? मजुराचं लेकरू बस चुकली म्हणून चार दिवस घरी राहिलं तर पाचव्या दिवशी येईल का? असा निर्णय कागदावरच्या पटावरून घेऊ नये, त्या वाटेने चालणाऱ्या आईला विचारून घ्यावा.

मग करायचं काय?

कायद्याने आपल्या हातात बरंच काही दिलेलं आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ नुसार शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या महिला. शाळेच्या कामावर आणि अनुदानाच्या खर्चावर लक्ष ठेवणं, शाळा विकास आराखडा करणं ही समितीची कामं. प्रत्यक्षात बऱ्याच ठिकाणी काय होतं ते आपल्याला ठाऊक आहे. सभा भर दुपारी, पालक वावरात, आणि रजिस्टर सहीसाठी घरोघर.

शिक्षक मित्रांनो, सभा संध्याकाळी घ्या किंवा बाजाराच्या दिवशी घ्या. वर्षाला १० हजार आले की २५ हजार, कशावर किती गेले, हे एका कार्डशीटवर मोठ्या अक्षरांत लिहून व्हरांड्यात लावा. डी.एड.ला आपण बालमानसशास्त्र शिकलो, पाठ टाचणं शिकलो, पण शाळेचा हिशेब पालकांपुढे कसा मांडायचा हे आपल्याला कोणी शिकवलं नाही. ते आता शिकायला हवं.

पालकहो, शाळेचा अकरा अंकी यूडायस क्रमांक मागून घ्या. त्यावरून शाळेतली मुलं, शिक्षक, खोल्या, स्वच्छतागृहं यांची माहिती मोबाइलवर पाहता येते. ती खरी आहे का, ते स्वतः शाळेत येऊन पडताळा. सभेत एकच प्रश्न दर महिन्याला विचारा: "आमच्या तिसरीतली किती लेकरं आता वाचतात?" आणि उत्तर रजिस्टरमध्ये लिहायला लावा.

काही जण म्हणतील, गावाच्या हातात दिलं की गावचं राजकारण शाळेत शिरतं. शिरतं, हे खरं. पण गावात झालेला गोंधळ गावाला दिसतो, २६ जानेवारीच्या ग्रामसभेत त्याच्यावर बोलता येतं. दूर कुठे फाईल अडली तर ती कोणाच्या टेबलावर आहे हेसुद्धा कळत नाही.

निवडणुका होतील, सभागृह भरेल, तेव्हा सदस्यांनाही हेच प्रश्न विचारू. तोवर समितीची सभा दर महिन्याला भरली पाहिजे, आणि सही करण्याआधी प्रत्येकाने इतिवृत्त वाचलं पाहिजे.

तुमच्या शाळेची पुढची सभा कधी आहे?