जुना ट्रॅक्टर रंगवण्याआधी वायरिंग पाहा



वडिलांच्या वेळचा ट्रॅक्टर शेडच्या कोपऱ्यात गंजत पडलेला असतो. घरातला तरुण मुलगा म्हणतो, ‘हा पुन्हा उभा करू.’ हौस चांगली आहे. इंजिन बांधले जाते, पत्रा ठोकला जातो, रंग लागतो. वायरिंग मात्र ‘दिवे लागतात ना, मग झाले’ म्हणून तसेच राहते.

‘बारा व्होल्टला काय भ्यायचे?’ असे पुष्कळ जण विचारतात. बारा व्होल्टचा शॉक सहसा बसत नाही, हे खरे. पण आग लागायला शॉक बसावा लागत नाही. बॅटरी स्टार्टरला दोनशे अँपिअरहून जास्त करंट देऊ शकते. घासलेली बारीक वायर बॉडीला टेकली की तसाच जबर करंट तिच्यातून धावतो आणि काही सेकंदांत ती लाल होते. आपला ट्रॅक्टर कडब्याच्या गंजीशेजारी नाहीतर गोठ्याला लागून उभा असतो. रात्री तेथे ठिणगी पडली, तर दावणीची जनावरे स्वतःहून सुटू शकत नाहीत.

म्हणून कामाला हात घालताना आधी बॅटरी सोडवा. बॉडीला जोडलेले, म्हणजे अर्थिंगचे टोक प्रथम काढा आणि जोडताना शेवटी लावा. उलटे केले, तर पाना बॉडीला लागून ठिणगी उडते. चार्ज होणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो, तो भडकतो. जवळ बिडी-काडी नको. ॲसिड अंगावर उडाले तर भरपूर पाण्याने धुवा. डोळ्यात गेले तर धूत राहा आणि लगेच दवाखाना गाठा.

एक गोष्ट नीट बघा. मॅसी फर्ग्युसन ३५ सारख्या जुन्या इंग्रजी बनावटीच्या ट्रॅक्टरांत पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेले असे. आजच्या गाड्यांत निगेटिव्ह असते. हे न पाहता डायनामोच्या जागी आल्टरनेटर बसवला, तर त्याचे डायोड जळतात.

एचएमटीचा ट्रॅक्टर कारखाना बंद करण्याचा निर्णय २०१६ साली झाला. अशा गाड्यांचे मूळ वायरिंग मिळणे अवघड. मग घरातल्या लाइटची वायर वापरू नका. हादऱ्याने तिची जाड तार तुटते. अनेक बारीक तारांची गाडीची वायरच घ्या. उंदरांनी कुरतडलेली वायर टेप गुंडाळून चालवू नका, बदला. पत्र्याच्या भोकातून वायर नेताना रबरी बूच बसवा.

फ्यूजचा हिशेब सोपा आहे. ५५ वॅटचे दोन दिवे म्हणजे ११० वॅट. त्याला १२ ने भागा. सुमारे ९ अँपिअर. तेथे १५ अँपिअरचा फ्यूज पुरे, वायर २.५ चौरस मिलिमीटरची. फ्यूज बॅटरीच्या जितका जवळ तितका बरा. तो उडाला की सिगारेटच्या पाकिटातला चंदेरी कागद घालणारे आहेत. त्यांनी लक्षात ठेवावे, फ्यूज जळला नाही तर वायर जळते.

काम झाल्यावर बॅटरी एकदम जोडू नका. सर्व स्विच बंद ठेवा. अर्थिंगची केबल आणि बॅटरीचे टोक यांच्यामध्ये इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब जोडा. बल्ब पेटला, तर कोठेतरी वायर टेकलेली आहे किंवा काही चालू राहिले आहे. ते शोधा, मगच केबल घट्ट करा.

शेवटी बॅटरीजवळ कट-ऑफ स्विच बसवा आणि रोज संध्याकाळी ट्रॅक्टर लावला की तो बंद करा. ही सवय घरातल्या प्रत्येकाला लावा, कारण रात्री शेडमध्ये कोणी जागे नसते. हात आखडताच घ्यायचा असेल तर रंगात घ्या. रंग पुढच्या दिवाळीलाही मारता येतो.