आडनावाचा रकाना

माझ्या सासूबाईंना आडनाव नाही. ही गोष्ट शहाऐंशी वर्षांत कोणास खटकली नव्हती. गेल्या नोव्हेंबरात ती एका संगणकास खटकली, आणि त्यापायी त्यांचे कुटुंब-निवृत्तिवेतन दोन महिने अडून राहिले.

घरात येणाऱ्या नव्या उपकरणांविषयी मी या सदरातून अधूनमधून लिहीत असते. त्यावर वाचकभगिनींच्या ज्या तक्रारी कानी येतात, त्या बहुधा दोनच प्रकारच्या असतात. मुले खेळातून डोके वर काढीत नाहीत, ही एक. आणि वडीलधाऱ्यांना यंत्रे कळत नाहीत, ही दुसरी. पहिलीविषयी पुढे लिहिणारच आहे. दुसरी मात्र मला आता मुळीच मान्य नाही. आमच्या सासूबाईंचे बालपण म्हैसुरात गेले, आणि म्हैसूर हे तर रेडिओला नाव देणारे गाव. महाराजा कॉलेजात मानसशास्त्र शिकविणारे डॉ. एम. व्ही. गोपालस्वामी यांनी १९३५ साली आपल्या राहत्या घरी ध्वनिक्षेपण केंद्र सुरू केले आणि त्यास ‘आकाशवाणी’ हे नाव दिले. तेच नाव पुढे साऱ्या देशाच्या नभोवाणीने घेतले. सासूबाईंच्या माहेरी रेडिओ होता, त्याचा परवाना दरसाल पोस्टात पैसे भरून नवा करावा लागे, आणि तो नवा करून आणण्याचे काम त्यांच्याकडे असे. आज त्या मोबाईलवर नातवंडांशी तोंड पाहून बोलतात. यंत्राला भिणारी ही बाई नव्हे.

आडनाव नसण्याचे नवल मलाही एके काळी वाटले होते, हे कबूल केले पाहिजे. माझे माहेर साताऱ्याचे. तेथे माणसाला आधी आडनाव असते, मग नाव. लग्न ठरले तेव्हा माझ्या आत्याबाईंनी, “आडनाव काय मुलाचे?” असे तीनदा विचारले आणि तीनदाही, “राव,” एवढेच उत्तर आल्यावर, “अहो, राव तर सगळेच असतात,” म्हणून त्या गप्प झाल्या. तंजावराकडून पिढ्यांमागे इकडे आलेल्या मराठी घराण्यांपैकी हे घर. घरात मराठी, दारात कन्नड, आणि नावापुढे दोन अक्षरे: एक गावाचे, एक वडिलांचे. इकडची रीतच तशी आहे. कन्नडचे थोर कवी कुवेंपु यांचे नाव कुप्पळी वेंकटप्पा पुट्टप्पा; कुप्पळी हे गाव, वेंकटप्पा हे वडील, आणि पुट्टप्पा हे ते स्वतः. म्हैसूरच्या यादवगिरीत घर बांधून राहिलेले आर. के. नारायण यांच्या ‘आर’मध्ये राशिपुरम् हे गाव आहे आणि ‘के’मध्ये त्यांचे वडील कृष्णस्वामी. आडनाव म्हणावे असे त्यात कोठेच नाही.

आपल्या मराठी मंडळींनीही ही रीत पत्करली. माधवराव दिवाणांच्या नावामागील ‘टी’ म्हणजे तंजावर. याहून गमतीचे उदाहरण व्ही. पी. माधवराव यांचे. १९०६ ते १९०९ या काळात ते म्हैसूरचे दिवाण होते. त्यांचे संपूर्ण नाव विश्वनाथ पाटणकर माधवराव. म्हणजे एक चांगले अस्सल मराठी आडनाव दक्षिणेत येऊन ‘पी’ या एका अक्षरात दडून बसले! हे मला कळले तेव्हा मी आत्याबाईंना मुद्दाम पत्र लिहून कळविले होते. आमच्या घराण्याच्या दोन अक्षरांत असे काही दडले आहे काय, ते आता कोणास ठाऊक नाही.

आता नोव्हेंबरातील हकीकत. निवृत्तिवेतन घेणाऱ्यांना दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. पूर्वी त्यासाठी जातीने जाऊन उभे राहावे लागे. २०१४ पासून ‘जीवन प्रमाण’ या सोयीमुळे बोटाचा ठसा देऊन हे काम होऊ लागले. सोय उत्तम, परंतु साठ-सत्तर वर्षे चिंच कोळून, भांडी घासून आणि पाटा-वरवंटा चालवून ज्या बोटांच्या रेषा पुसट झाल्या, त्यांचे काय? सासूबाईंची दहाही बोटे यंत्राने नाकारली. अखेर माझ्या मुलीने फोनपुढे त्यांचा चेहरा धरून काम केले. ही चेहऱ्याची सोय २०२१ च्या अखेरीस निघाली आहे. हयातीचा प्रश्न असा पाच मिनिटांत सुटला. त्या हयात आहेत हे यंत्राने मान्य केले. त्या कोण आहेत, हा प्रश्न मात्र त्यानंतर निघाला.

ज्या बँकेत त्यांचे वेतन जमा होते, तेथे सर्व खातेदारांची माहिती नव्याने भरून घेणे चालू होते. पडद्यावर तीन रकाने: नाव, मधले नाव, आडनाव. पहिला भरला, दुसऱ्यात सासऱ्यांचे नाव घातले, तिसरा मोकळा ठेवला. पडद्यावर तांबडी अक्षरे उमटली. तिसरा रकाना भरल्यावाचून यंत्र पुढे जाईना. तेथील तरुण मोठा सालस होता. तो म्हणाला, “आज्जी, काहीतरी सांगा, मी घालतो.” सासूबाई म्हणाल्या, “नाही ते कसे सांगू?” शेवटी त्या बिचाऱ्याने इतर अनेकांच्या बाबतीत करीत असेल तेच केले. त्याने तिसऱ्या रकान्यात पहिलेच नाव पुन्हा एकदा लिहिले. यंत्र संतुष्ट झाले. मात्र निवृत्तिवेतनाच्या यादीत नावाआधी दोन अक्षरे होती, आधार कार्डावर ती नावानंतर आली होती, आणि बँकेत आता तेच नाव दोनदा झाले. यंत्र अक्षरास अक्षर ताडून पाहते. तीन याद्यांत तीन निराळ्या बायका आढळल्यावर त्याने पैसे थांबविले, यात त्याच्या दृष्टीने काही चुकलेच नाही.

माझी मुलगी एका खाजगी कंपनीत डेटाबेसचे काम करते. डेटाबेस म्हणजे काय हे मला तिने पूर्वी अनेकदा समजावून दिले होते आणि मी अनेकदा मान डोलावली होती. खरे समजले ते या प्रसंगी. एडगर कॉड नावाच्या इंग्लंडात जन्मलेल्या गणितज्ञाने १९७० साली, अमेरिकेत आय. बी. एम. कंपनीत असताना, माहिती कोष्टकांत मांडून ठेवण्याची पद्धत प्रसिद्ध केली. प्रत्येक माणसाची एक ओळ, प्रत्येक गोष्टीचा एक स्तंभ. आज बँका, रेल्वे, दवाखाने, शाळा यांच्या बहुतेक नोंदी त्याच धर्तीवर चालतात. आता एखादे घर रिकामे राहिले तर त्याचा अर्थ काय घ्यावयाचा? “आई,” मुलगी म्हणाली, “रिकामेपण एकाच जातीचे नसते. आजीची जन्मवेळ आपल्याला माहीत नाही, पण ती आहे. आजीचे आडनाव मुळातच नाही. दोन्ही घरे मोकळीच दिसतात.” कॉडसाहेबांनाही हा पेच पुढे जाणवला, आणि १९९० च्या आपल्या ग्रंथात त्यांनी दोन वेगळ्या खुणा सुचविल्या: ‘लागू आहे परंतु ठाऊक नाही’ अशी एक, व ‘लागूच नाही’ अशी दुसरी. व्यवहारात जी संगणक-भाषा रूढ झाली तिने मात्र एकच खूण ठेवली. आणि एकीचाही त्रास नको म्हणून रकाने आखणारा पुष्कळदा तेथे ‘सक्तीचा’ अशी टीप मारून मोकळा होतो. मग लोक त्यात टिंब घालतात, रेघ ओढतात, नाव पुन्हा लिहितात. रकाने सगळे भरलेले दिसतात, आणि आतली माहिती खोटी असते. मुलीच्या म्हणण्याप्रमाणे मोकळ्या घरापेक्षा हे वाईट. मोकळे घर निदान खोटे बोलत नाही.

हा त्रास आमच्यापुरता नाही. अमेरिकेच्या व्हिसावर, ज्याच्या पारपत्रात एकच नाव असते त्याच्या दुसऱ्या नावाच्या जागी ‘एफ. एन. यू.’ अशी अक्षरे छापून येतात. ‘पहिले नाव अज्ञात’ असा त्यांचा अर्थ. दक्षिणेकडील कित्येक मुले तिकडे जाऊन काही काळ श्रीयुत ‘एफ. एन. यू.’ होऊन राहिली आहेत. २०२२ च्या नोव्हेंबरात संयुक्त अरब अमिरातीने, पारपत्रावर केवळ एकच नाव असलेल्या पर्यटकांस प्रवेश मिळणार नाही, असे विमान कंपन्यांस कळविले, तेव्हाही अशीच धांदल उडाली होती. उलट रकाने बदलता येतात, याचाही दाखला आहे. १ मे २०२४ रोजी वा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या सरकारी नोंदींत आईचे नाव घालण्याचा निर्णय महाराष्ट्र शासनाने घेतला. इतकी वर्षे त्या जागी स्त्रीसाठी घर नव्हते. आखावयाचे ठरविले, तेव्हा आखले गेले.

याच दिवसांत घरात दुसरे एक भांडण चालू होते, ते मात्र खेळाचे. माझा नातू नऊ वर्षांचा. त्याच्या फोनवर चौकाबारा हा खेळ आला आहे. साताऱ्याकडे आम्ही याला चल्लस-आठ म्हणत असू. पंचवीस घरांचा पट, चार कवड्या, प्रत्येकाच्या चार सोंगट्या. चारही उताण्या पडल्या तर चौका, चारही पालथ्या पडल्या तर बारा, म्हणजे आठ. दुसऱ्याची एक तरी सोंगटी मारल्याखेरीज आतल्या घरांत शिरता येत नाही. म्हैसूरला या खेळांचे वेड जुनेच आहे. तिसरे कृष्णराज वडियार यांचा राज्यकारभार इंग्रजांनी १८३१ साली काढून घेतल्यावर या राजाने आपले मन विद्येकडे आणि खेळांकडे वळविले. ‘श्रीतत्त्वनिधी’ या त्यांच्या नावावरील ग्रंथाचा एक भागच मुळी खेळांना वाहिलेला आहे. ज्याच्या हातून राज्य गेले, त्याने पटावरचे नियम तरी आपल्या मर्जीने रचले, असे मला त्यांच्याविषयी नेहमी वाटते.

तर नातू फोनवर खेळतो, आणि पणजी शेजारी बसून पाहते. एके दिवशी त्याची सोंगटी फेरा पुरा करून आली, पण त्याने कोणास मारलेले नव्हते. पणजी म्हणाली, “जाऊ दे आत, तू लहान आहेस.” तो म्हणाला, “पणजी, हा जाऊ देत नाही.” त्यांच्या घरच्या चौकाबाऱ्यात सर्वांत धाकट्याला एक माफी असे. मराठी घरांत अशा पोराला लिंबूटिंबू म्हणतात. तो खेळात असतो, पण त्याच्यावर डाव येत नाही. नियम सर्वांनाच ठाऊक असतात, आणि ते कोणासाठी किती वाकवावयाचे हेही सर्वांनाच ठाऊक असते. फोनमधील खेळात मला लिंबूटिंबूची जागा कोठे सापडली नाही.

मुलांच्या खेळांविषयी माझे मत वाचकांस ठाऊकच आहे. पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांवर संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये बंदीचा कायदा केला, तो मला योग्य वाटतो. त्या खेळांनी घरे बुडविली आहेत. परंतु नुसत्या व्हिडिओ गेमला मी शत्रू मानीत नाही. त्यात नजर, हात आणि धीर यांस काम आहे. शिवाय तो कधी लबाडी करीत नाही. पणजी करते, हे नातवाने पुराव्यानिशी दाखवून दिले आहे. माझी तक्रार इतकीच, की ज्या मुलाने फक्त फोनवरच खेळ खेळला त्याला नियम हे कोणीतरी केलेले असतात आणि बसून बदलता येतात, हे कळत नाही. तो मोठा होऊन रकाने आखावयास बसला, म्हणजे कोणाच्या तरी आजीची पंचाईत होते.

हे मी मुलीला बोलून दाखविले. ती हसली नाही. दुसऱ्या दिवशी ऑफिसात जाऊन तिने आपलेच कोष्टक उघडून पाहिले. तेथेही आडनाव सक्तीचे होते. तिनेच चार वर्षांपूर्वी तशी टीप मारली होती, म्हैसुरात जन्मून, या आजीच्या मांडीवर वाढून. आता तिने ‘आडनाव नाही’ अशी एक वेगळी खूण सुचविली आहे. वरिष्ठांनी विचारले, “अशी माणसे किती?” ती म्हणाली, “रकाना सक्तीचा आहे तोवर ते मोजता येणार नाही.” प्रकरण विचाराधीन आहे.

सासूबाईंचे पैसे जानेवारीत सुटले. त्यासाठी मुद्रांकित कागदावर प्रतिज्ञापत्र करावे लागले: वर लिहिलेली तिन्ही नावे धारण करणारी स्त्री एकच असून ती मीच आहे. नोटरींकडे तो मजकूर त्यांनी मला दोनदा वाचून दाखवावयास लावला. मग चष्मा पुसून, पेन घेऊन, त्यांनी कन्नड लिपीत सावकाश आपले नाव लिहिले. मागे-पुढे अक्षरे नाहीत, नुसते नाव. नोटरी म्हणाले, “आज्जी, आद्याक्षरे राहिली.” त्यांनी कागदाकडे पुन्हा एकदा पाहिले, पेनाचे टोपण लावले आणि ते माझ्या हाती दिले.